अकरावी मूठ

(बायनाबाईचं दार. सुगंधाच्या डोक्यावर पिठाची परात, मागं सटवाजी मास्तर.)

सुगंधा : तिसरी भाकरबी मोडली, काकी. थापायला लागलं की कडंनं चिरतीय. आता एकीपुरतंच पीठ उरलंय.

बायनाबाई : मग मी काय करू? माझ्याबिगर दहा घरं हायत की तुमच्या देवळात.

मास्तर : त्या दहाही घरांचं पीठ आहे हे. पोरीनं मूठमूठ गोळा केलं. पाळकसाहेब दुपारच्या मोटारीनं परभणीहून येतील, आणि प्रभुभोजनाला भाकर नाही.

बायनाबाई : पाव आणतील ते.

मास्तर : मीच नको म्हणालो. म्हटलं, औंदा सगळ्या घरांची मिळून एक भाकर करू.

बायनाबाई : बघू परात. कुणाचं तरी जुनं पीठ हाय ह्यात. विरी गेलीय, धरंल कसं?

सुगंधा : आमचं असंल. आजीचं जातं फुटलंय.

बायनाबाई : केवळाबाईचं? तेवढं बाजूला काढा, मग देते थापून.

मास्तर : काढ की. कुठलं कुणाचं ते ओळखू आलं तर.

बायनाबाई : मास्तर, मी काय तुमच्या शाळेत बसलेली न्हाई.

सुगंधा : काकी, तुमी आजीवर का रुसल्या? तिला इचारलं की गप बसती.

बायनाबाई : गपच बसंल. दोन वर्सं झाली. प्रभुभोजनाला समद्यांनी एकाच पेल्यातनं द्राक्षरस प्यायचा, न्हाई का? माझ्या हातातनं पेला तिच्या हातात गेला, तर पदरानं काठ पुसला तिनं. समद्यांदेखत. मी पलीकडल्या आळीची ना. बाप्तिस्मा एकाच दिवशी झाला, पर आळी काय धुतली न्हाई. आन् रझाकाराच्या भ्यानं रानात लपलो तवा? एकाच तांब्यातनं प्यालो की आमी. तवा कुठं गेलता पदर?

मास्तर : चुकलं तिचं. मीही तिथंच होतो आणि बोललो नाही. ते माझं चुकलं.

सुगंधा : मास्तर, एवढी खटपट करून केलेली भाकर पाळकसाहेब मोडतात कशाला?

मास्तर : वाटायला. येशूला धरून नेलं त्याच्या आधी त्यानं तशीच मोडली. म्हणाला, हे माझं शरीर, तुमच्यासाठी. अख्खी ठेवली असती तर कुणाला मिळाली असती?

सुगंधा : ज्यानं त्याला धरून दिलं, त्यालाबी दिली?

मास्तर : तोही पंगतीला होता, त्याच पेल्यातून प्यायला.

सुगंधा : मग त्याच्यामागं कुणी पेला पुसला का?

मास्तर : तसं काही लिहिलेलं नाही, पोरी.

बायनाबाई : लय इचारती ही. जा, चुलीवर आधण ठेव. उकळत्या पाण्यात मळलं की धरतंय. आन् त्या डब्यातनं माझी एक मूठ घाल. सकाळचंच दळण हाय.

सुगंधा : म्हंजी अकरा झाल्या.

बायनाबाई : झाल्या. पर मी थापून देणार, येणार न्हाई. त्या पेल्याला आता मी शिवायची न्हाई.

सुगंधा : आजीबी पीत न्हाई.

बायनाबाई : काय?

सुगंधा : पेला आला की हातात घेती, आन् तसाच पुढं देती. तुमी यायचं बंद केल्यापासनं. म्हणती, माझ्या आधीची यायची हाय अजून.

बायनाबाई : मास्तर, खरं का हे?

मास्तर : दर वेळेला. मला वाटलं, तुला कुणी सांगितलं असेल.

बायनाबाई : कोण सांगंल? माझ्या दारात येतंय कोण? (भाकर थापून तव्यावर टाकते.) सरक पोरी, धूर लागंल डोळ्याला.

सुगंधा : तुमच्याच डोळ्यात पाणी आलंय, काकी.

बायनाबाई : धुरानंच. तव्याकडं बघ, करपंल.

सुगंधा : फुगली! मास्तर, टम्म फुगली, कुठंच चिरली न्हाई!

मास्तर : एवढी चांगली भाकर मोडायला पाळकसाहेबांच्या जिवावर येणार.

बायनाबाई : मोडू द्या, त्याच्यासाठीच केलीय. सुगंधा, तुझी आजी बसती कुठं?

सुगंधा : खिडकीपाशी. शेजारी जागा धरून ठेवती, कुणाला बसू देत न्हाई.

बायनाबाई : तिला म्हणावं, जागा जरा मोठी धर. मी जाड झालीय. आन् पेला आधी माझ्याकडं येऊ दे.