मानपत्रातली एक ओळ

ललिता : "...खेड्यातील मुलींच्या शिक्षणासाठी आपण घेतलेल्या कष्टांची दखल घेऊन आमच्या सेवा क्लबने या वर्षीच्या 'युवामित्र' पुरस्कारासाठी आपली निवड केली आहे." समजलं न, बाबा? तुमाले इनाम भेटून राहिलं.

पुंडलिक : मी काय केलं बाप्पा एवढं? पोरींच्या मांगं मांगं अड्याळपर्यंत चालत गेलो. चालते त बैलबी.

ललिता : थांबा, अजून हाय. वीस जानेवारी, रविवार, दुपारी तीन वाजता, भंडाऱ्याले. अन् हा दुसरा कागद. मानपत्र हाय. त्या दिवशी वाचून दाखवनार हाय, तुमाले आधी पाहाले धाडलं.

पुंडलिक : वाच न मंग. तुई आई धानाच्या चुरन्या-मळनीवरून आली का तिलेबी वाचून दाखवजो.

ललिता : "श्री. पुंडलिकराव यांच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढची शाळा अड्याळला, दीड कोसावर, मध्ये जंगल. त्यामुळे मुली घरीच बसत. पुंडलिकराव गेली दहा वर्षे, ऊन-पाऊस न पाहता, गावातील मुलींना रोज सोबत घेऊन शाळेत पोचवतात व सायंकाळी परत आणतात. आजवर एकवीस मुली त्यांच्यासोबत चालल्या. या कार्याची सुरुवात त्यांनी..."

पुंडलिक : काहून थांबली?

ललिता : अक्षर लागून नाही राहिलं.

पुंडलिक : छापलेलं अक्षर कसं नाही लागत? मले वाचता येत नाही, पर छापलेलं हाय एवढं त दिसते.

ललिता : "...सुरुवात त्यांनी स्वतःच्या घरापासून केली. स्वतःच्या मुलीला मॅट्रिकपर्यंत शिकवून त्यांनी गावापुढे आदर्श ठेवला."

पुंडलिक : पुन्हा वाच.

ललिता : दोनदा वाचल्यानं मी मॅट्रिक होनार हाय का?

पुंडलिक : मी असं नाही सांगतलं, बाई. तुई शपथ.

ललिता : मंग कोनं सांगतलं?

पुंडलिक : गुरुजीनं फारम भरला. नवा हाय तो, दोनच साल झाले त्याले गावात येऊन. त्याले वाटलं असन, दुसऱ्याच्या पोरी नेते त आपली आधी शिकवलीच असन. कोनालेबी तसंच वाटन.

ललिता : हो, वाटतेच. मंदा माया सासरी, एकोडीच्या शाळेत मास्तरीन होऊन आली न, तुमच्या संगं गेलेली पयली पोरगी. माया लेकीले तेच शिकवते. मले म्हने, "ताई, तुमच्या बाबांमुळं मी इथं उभी हावो. तुमी काहून नाही शिकल्या?"

पुंडलिक : तू काय म्हनलं?

ललिता : म्हनलं, माया डोक्यातच शिरे नाही.

पुंडलिक : तू त वर्गात पयली येत होती.

ललिता : आठवते तुमाले?

पुंडलिक : मी नाही जात भंडाऱ्याले. फाडून टाक ते पत्र.

ललिता : फाडाचं कायले? एकवीस पोरी त खऱ्या हाय. जा तुमी. मीबी येते संगं.

पुंडलिक : तू कायले?

ललिता : ते वाक्य वाचतीन तवा तुमी कोठं पाहता, ते मले पाहाचं हाय.

*

(भंडारा. हॉलबाहेरचा व्हरांडा. आत माइक तपासणं चालू आहे.)

वासुदेवराव : या, या, पुंडलिकराव! मी वासुदेवराव, क्लबचा सेक्रेटरी. पत्र मीच पाठवलं होतं. बसला त्रास नाही न झाला? चहा सांगू?

पुंडलिक : चहा राहू द्या, साहेब. कागदात एक ओळ चुकली हाय. माई पोरगी मॅट्रिक नाही. सातवी झाली अन् मी तिले घरी बसवली.

वासुदेवराव : अरे! फॉर्मवर तर तसंच लिहिलं होतं.

पुंडलिक : लिवलं असन. खोटं हाय.

वासुदेवराव : पण मानपत्र फ्रेम होऊन आलंय हो. पाहुणेही बसलेत. आणि एका ओळीकडे कोणाचं लक्ष जातं? लोक ऐकतात कमी, टाळ्याच जास्त वाजवतात.

पुंडलिक : माई पोरगी आत बसली हाय. दुसऱ्या रांगेत, हिरव्या पातळातली.

वासुदेवराव : अच्छा... बरं. वाचणार मीच आहे. ती ओळ गाळून टाकतो. मग तर झालं?

पुंडलिक : हो. वाचू नका, एवढंच.

वासुदेवराव : एक विचारू? राग मानू नका. दुसऱ्यांच्या मुलींना इतकी वर्षं नेलंत. मग स्वतःच्या मुलीला का नाही?

पुंडलिक : ते तिनंबी कधी नाही इचारलं, साहेब. तुमी पयले.

*

ललिता : खिडकीजवळ बसा, बाबा. ते फ्रेम द्या मायाजवळ, बस हादरली त काच फुटन.

पुंडलिक : राहू दे. जड हाय.

ललिता : त्या साहेबानं ओळ गाळली होती. मी कान देऊन आयकलं. मंग मले घरी बसवल्याचं तुमी माइकवर कायले सांगतलं?

पुंडलिक : त्यानं नाही वाचली, पर कागदावर त हायच न. अन् तुई मान खाली होती.

ललिता : टाळ्या वाजवाव का नाही, कोनाले समजेच नाही.

पुंडलिक : नाही वाजवल्या त नाही.

ललिता : ते पयल्या दिवसाचं सांगतलं, ते खरं हाय? का तिथं उभं राहून सुचलं?

पुंडलिक : खरं हाय. तुया लग्नाचंच साल. मंदाची माय दारात आली. म्हने, भाऊजी, पोरगी जेवत नाही, रडून राहिली, तिले अड्याळपर्यंत सोडून द्या. नाही म्हनता नाही आलं. निंघालो. जंगल आलं, जंगल गेलं. मंदा आपली पाढे म्हनत चालली होती. शाळेची घंटा आयकू आली अन् मी तिथंच वावराच्या धुऱ्यावर बसलो.

ललिता : काहून?

पुंडलिक : रस्ता एवढाच होता, बाई. लोकं म्हने, मोठी पोरगी, जंगलाचा रस्ता, उद्या काही झालं त तोंड कोठं दाखवसान. मी लोकांचं आयकलं. अन् तिथं नुसता एक मानूस संगं चालाले पायजे होता. तो त घरीच होता.

ललिता : मंग एकोडीले येऊन मले काहून नाही सांगतलं?

पुंडलिक : काय सांगू? तुया गळ्यात मंगळसूत्र पडलं होतं. दुसऱ्या दिवशी मंदाले घेऊन निंघालो. तिसऱ्या दिवशी अजून एक पोरगी आली. थांबताच नाही आलं मंग.

ललिता : पयल्या पोळ्याले मी माहेरी आली होती. दुसऱ्या दिवशी आंगनात सडा टाकून राहिली होती, त तुमी चार पोरी घेऊन तलावाच्या पारीवरून चालले. मी बकेट तिथंच ठेवली अन् आत जाऊन निजली. आईले म्हनलं, डोकं दुखते.

पुंडलिक : म्या पायलं होतं तुले. वळून पाहाची हिंमत नाही झाली.

ललिता : राग होता, बाबा. लय वर्सं होता. अजून हाय थोडा.

पुंडलिक : असू दे. मी कुठं त्याले जा म्हनतो?

ललिता : कंडक्टर येऊन राहिला. अड्याळ, दोन द्या जी.

पुंडलिक : ललिता, एक गोष्ट मी तुले कधी इचारलीच नाही. शाळेत तुले काय आवडे?

ललिता : आता इचारता?

पुंडलिक : आता इचारतो.

ललिता : भूगोल.

पुंडलिक : म्हंजे काय असते त्याच्यात?

ललिता : म्हंजे... कोनती नदी कोठून निंघते, कोठं जाते. कोन्या मुलखात काय पिकते. नकाशे असते. मी भारताचा नकाशा न पाहता काढत होती.

पुंडलिक : सांग मंग. अड्याळ याले घंटाभर हाय.