मेलेली माय उठली तो खेळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय दिनेशभाऊ, मंचावरील सन्माननीय पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती श्रीहरीभाऊ सहारे आणि कमलावहिनी, खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागे उभे राहिलेले माझे भाऊ, आणि तासभर आधी येऊन खुर्च्या धरून बसलेल्या माझ्या हुशार बहिणींनो, तुम्हा सर्वांना जय भीम, जोहार आणि नमस्कार.

मी वच्छला खोब्रागडे. नव्या मंडळींना मी अंगणवाडीची बाई म्हणून ठाऊक आहे. पण त्याआधी चार वर्षे मी आपल्या आरमोरीच्या टॉकीजमध्ये बायकांच्या दारावर तिकिटे फाडत होते, आणि वर कॅबिनमध्ये श्रीहरीभाऊ मशीन चालवत होते. माझी चार वर्षे झाली, त्यांची अडतीस. आता टॉकीजला कुलूप लागले आहे आणि भाऊ परवा आपल्या लेकीकडे, खुशबूकडे, पुण्याला राहायला निघाले आहेत. त्यामुळे जे बोलायचे ते आजच बोलले पाहिजे.

आयोजकांनी आम्हा वक्त्यांना एक अट घातली आहे. प्रत्येकाने आपण पाहिलेला सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट सिनेमा सांगायचा. प्रफुलभाऊंनी मघाशी वाईटात तो भुताचा सिनेमा सांगितला, ज्यात भूत चपला घालून जिना चढते. मान्य आहे. पण भाऊ, वाघाचा सिनेमा कसा विसरलात? नायक वाघाशी झुंजतो आणि वाघाच्या पोटाची शिवण उसवून कापूस बाहेर येतो. जंगलातल्या गावावरून मोहफुलं विकायला आलेले लालसूभाऊ पहिल्या रांगेतून उठून म्हणाले होते, “वाघ पाह्याले पैसे कायले देऊ? आमच्या बांधावर फुकट दिसते, अन् तो कापसाचा नाई रायत.” सारे टॉकीज हसले होते. एवढे असूनही माझ्या यादीत तो सर्वांत वाईट नाही.

माझा सर्वांत चांगला सिनेमा सांगते. त्याचे नाव मी घेणार नाही, कारण त्या नावाचा जो सिनेमा तुम्ही पुढे टीव्हीवर पाहिला असेल, तो हा नव्हे. हा फक्त आरमोरीत, एकदाच, दुपारच्या तीनच्या खेळाला लागला होता.

त्यात एक गरीब माय असते. तीन लेकरांना वाढवते, खूप सोसते आणि शेवटच्या चौदाव्या रिळात खाटेवर प्राण सोडते. मग ‘समाप्त’ची पाटी येते. बायका पदर तोंडाला लावून बाहेर पडत. सिनेमा जोरात चालला होता.

आणि माझी आई जाऊन तेव्हा बावीस दिवस झाले होते. तापाने गेली. वडशाच्या दवाखान्यात नेता नेता, रस्त्यातच. घरी बसून काय करू म्हणून मी कामावर आले, आणि कामावर काय, तर रोज तीन वेळा ती खाट. दारावरून हलता येत नव्हते. कान झाकले तरी रडणे ऐकू यायचेच.

त्या आठवड्यात कॅबिनचा मदतनीस धान कापायला गेला होता, म्हणून रिळांचे डबे वर नेऊन ओळीने मांडायचे काम टॉकीजच्या शेठने मला दिले. चौथ्या दिवशी माझे डोके फिरले म्हणा. मी तेरावा डबा चौदाव्याच्या जागी ठेवला आणि चौदावा तेराव्याच्या. काय होईल याचा विचार केला नव्हता. शेवटी ती खाट नको, एवढेच कळत होते.

खेळ सुरू झाला. माय मेली. ‘समाप्त’ आले. लोक उठले, कोणी चपला शोधू लागले, आणि पडद्यावर माय अंगणात बसून सुपाने तांदूळ पाखडताना दिसली! लेकराच्या कशावर तरी हसत होती. मग डोमाजी म्हातारे ओरडले, “वन्समोर भेटला रे, बसा खाली!”

आपण झाडीपट्टीची माणसे. हिवाळाभर मंडईच्या जत्रांत नाटके पाहणारी. नाटकात मेलेले पात्र वन्समोर घेऊन उठते, पुन्हा गाते आणि पुन्हा मरते, याचे आपल्याला काय नवल? लोकांना वाटले, सिनेमावाल्यांनीही ही सोय केली. सारे खाली बसले. माय पाखडत राहिली, लेकरांना जेवू घालत राहिली, आणि तिथेच रीळ संपले. लोक हसत घरी गेले. पुढच्या खेळापासून शेठने सिनेमा नीट लावायला लावला, तर दुसऱ्या दिवशी तिकीट काढून बसलेल्या बाया ‘समाप्त’नंतरही उठेनात. “काल मायले उठोलं होतं,” म्हणाल्या, “आज काऊन नाई?”

आज तुम्ही हसता. शेठ तेव्हा हसले नाहीत. त्यांनी सगळ्यांसमोर विचारले, हे कोणी केले? मी खाली पाहून फाडलेली तिकिटे गोळा करत राहिले. श्रीहरीभाऊ म्हणाले, “माही चूक झाली जी.”

त्यांना तेव्हा चंद्रपूरच्या एका मोठ्या टॉकीजमध्ये नोकरी मिळायची होती. बोलणी झाली होती, कमलावहिनींनी भांडी बांधून ठेवली होती. ही बातमी तिकडे पोहोचली आणि निरोप आला की, ज्याला रिळांचा क्रम कळत नाही तो ऑपरेटर आम्हाला नको. गावाने त्यांना ‘उलटा डबा’ म्हणायला सुरुवात केली. मघाशी प्रफुलभाऊंनी त्याच नावाने हाक मारली आणि मांडव हसला. खुद्द श्रीहरीभाऊही हसले. मला हसता आले नाही.

मला लाज वाटते, की मी हे इतकी वर्षे पोटात ठेवले. गेल्या रविवारी मात्र हिय्या करून त्यांच्या घरी गेले. वहिनी चहा टाकत होत्या. मी म्हटले, “भाऊ, ते डबे मी बदलले होते.”

भाऊ म्हणाले, “मले मालूम हाय.”

“कवापासून?”

“तवापासूनच. डब्यावर नंबर रायते, रिळावरबी रायते. लावताना वाचला न मी.”

“मंग लावला काऊन?”

त्यांनी बशीत चहा ओतला. म्हणाले, “कॅबिनच्या खिडकीतून तुहं दार दिसे. तीन दिवस पाह्यलं, माय मराले लागली का तू भिंतीकडे तोंड करून उभी राहे. म्हटलं, एक खेळ तरी पोरगी पडद्याकडे पाहीन.”

मी पाहिला, भाऊ. पूर्ण पाहिला.

तेव्हा मंडळी, माझा सर्वांत चांगला सिनेमा तो, तीनच्या खेळाचा. आणि सर्वांत वाईट? तोच, पुढच्या खेळापासून नीट क्रमाने लागलेला. टीव्हीवर लागला की मी आजही उठून अंगणात जाते. अडतीस वर्षांत या माणसाने एकही रीळ चुकून लावले नाही, याची साक्ष देणारी मी इथे उभी आहे. कमलावहिनी, तुमची बांधलेली भांडी माझ्यामुळे सोडावी लागली. चंद्रपूरचे राहिले, पुण्याला तरी सुखाने राहा.

मला बोलायला बोलावले म्हणून आयोजकांचे, आणि शांतपणे ऐकले म्हणून तुमचे आभार. भाषण संपवताना वक्ता चुकीची माफी मागतो, तशी मीही मागते. फक्त माझी चूक आज माझ्याच नावावर राहू द्या, आणि श्रीहरीभाऊंना इथून पुढे त्यांच्या नावाने हाक मारा.