मी न दिलेले बुधवार

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे विद्यापीठाचे पदाधिकारी, आज निवृत्त होत असलेल्या संगणकशास्त्राच्या आपल्या मॅडम, त्यांचे यजमान, समोर बसलेले आजी-माजी विद्यार्थी, आणि शेवटच्या रांगेत दाराजवळ बसलेले आमचे लिफ्टचे मेकॅनिक, कारण कुठल्याही इमारतीत गेले तरी यांचा एक डोळा जिन्याकडे असतो. सर्वांना माझा नमस्कार.

मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत एकतीस वर्षं काढली. सर्व्हिस विभागाचा प्रमुख म्हणून निवृत्त झालो, त्याला तीन वर्षं झाली. भाषणाची सवय नाही, ओरडायची आहे. मध्येच आवाज चढला तर घाबरू नका, घरीही चढतो.

आत्ता सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी माझी ओळख करून दिली. “पहिल्या सहामाहीत मी गटांगळ्या खात होते, मला झेपत नव्हतं, ते पाहून माझी सोय करणारे आणि दर बुधवारी मला शिकायला सोडणारे आमचे साहेब,” असं त्या म्हणाल्या. तुम्ही टाळ्या वाजवल्या. ही ओळख चुकीची आहे. ती दुरुस्त केल्याशिवाय मी खाली बसणार नाही. हे हात दाखवून अवलक्षण आहे, मला कळतंय. पण आज मॅडमचा दिवस आहे, तेव्हा आधी मॅडम.

मॅडम इथे आल्या तेव्हा त्यांचा विषय होता रांगांचं गणित. दहा कामं एकदम आली तर कुठलं आधी करायचं, हे संगणकाने कसं ठरवावं, याचा त्या अभ्यास करत. मग कुणीतरी त्यांना नोकरदार लोकांचा संध्याकाळचा वर्ग घ्यायला सांगितलं, आणि बाई तिथेच रमल्या. त्या वर्गाला इथल्याच काही विद्वानांनी ‘म्हाताऱ्यांची बालवाडी’ असं नाव ठेवलं होतं. ठेवणारे समोरच बसलेत, मी नावं घेत नाही. पुढे त्याच बालवाडीतून कामासोबत पदवीचा अभ्यासक्रम उभा राहिला. चार दिवस नोकरी, बुधवारी विद्यापीठ, चार वर्षांनी पदवी. बढतीच्या मुलाखतीत मॅडमना विचारलं म्हणे, वर्षभरात शोधनिबंध किती? त्या म्हणाल्या, “दोन. आणि एकतीस कारखाने, आत जाऊन पाहिलेले.” बढती मिळाली नाही. पुढच्या वर्षी निबंध दोनच राहिले, कारखाने चाळीस झाले.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या कंपनीने या अभ्यासक्रमात एक जागा घेतली आणि ताईंनी अर्ज केला. त्या तेव्हा अडतीस वर्षांच्या. आमच्याकडे तक्रारींच्या टेबलावर बसायच्या. लिफ्ट अडकली की फोन त्यांना, मेकॅनिक पाठवायचा त्यांनी. कुठल्या इमारतीचा वॉचमन खोटं सांगतो, कुठला मेकॅनिक कुठल्या सेक्रेटरीशी भांडतो, सगळं डोक्यात. त्या टेबलावर होत्या म्हणून मी दुपारी शांतपणे डबा खाऊ शकत होतो. अशी बाई शिकली तर राहील का? तोंडाने मात्र म्हणालो, “वा वा, जरूर शिका.”

आणि मग मी त्यांचे बुधवार खायला लागलो. सकाळी दहाला फोन करायचा, “ताई, तातडीचं आहे, या.” त्या बसमधून उतरून परत यायच्या. पहिल्या सहामाहीत सोळा बुधवार होते, त्यातले अकरा मी घेतले. खरी तातडी किती वेळा होती? एकदा. दर महिन्याला विद्यापीठाचा एक फॉर्म यायचा, ‘अभ्यासाचा दिवस पूर्ण दिला’, त्याच्याखाली मी सही करायचो. पेनसुद्धा चांगलं वापरायचो.

ताई गणितात नापास झाल्या. विद्यापीठाचं पत्र आलं, पुन्हा असं झालं तर नाव कमी होईल. ते पत्र घेऊन त्या माझ्या केबिनमध्ये आल्या. म्हणाल्या, “साहेब, बाकीच्यांनाही तातडीची बोलावणी येतच असतील, तरी ते नोकरी सांभाळून पास झाले. मलाच झेपत नाही बहुतेक.” मी त्यांना चहा मागवला. आणि अगदी मायेने म्हणालो, “अहो, एका वयानंतर नाहीच झेपत. त्यात लाज कसली?” मित्रहो, मी आयुष्यात खूप लोकांवर ओरडलो, त्याचं मला फारसं काही वाटत नाही. ते मायेने बोललेलं वाक्य मला अजून झोंबतं.

त्या नाव काढून घ्यायला इथे आल्या. मॅडमनी त्यांना थांबवलं आणि दुसऱ्या दिवशी न कळवता माझ्यासमोर येऊन बसल्या. टेबलावर दोन कागद ठेवले. एक वर्गाचं हजेरीपत्रक, दुसरा माझ्या सहीचा फॉर्म. म्हणाल्या, “यातला एक खोटा आहे. माझा नाही.” चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं, आता तक्रार होणार, नोकरी जाणार. मी म्हणालो, “मॅडम, त्या खुर्चीवर बुधवारी बसवू कुणाला?” त्या म्हणाल्या, “मी बसते.”

मला ती थट्टा वाटली. बुधवारी नऊला बाई हजर, हातात स्वतःचा डबा. मी ताईंना काय सांगितलं? की मी व्यवस्था केली आहे, तुम्ही निश्चिंत जा. तेही श्रेय लाटलं.

पहिल्याच दिवशी मॅडमनी घोळ घातला. चौदा मजली इमारतीची लिफ्ट बंद पडली. संगणकाने सगळ्यात जवळचा मेकॅनिक दाखवला, मॅडमनी तो पाठवला. ते आमचे काका, शेवटच्या रांगेत बसलेत ते. काकांचे दोन्ही गुडघे गेलेले. लिफ्टचं मशीन गच्चीवर, आणि लिफ्ट बंद म्हटल्यावर वर जाणार कसे? चढून. अर्ध्या तासाने वरून फोन आला, “आमच्या ताई कुठेत?” रांगांच्या गणितात काकांचे गुडघे नव्हते.

संध्याकाळी मॅडम काकांच्या घरी जाऊन माफी मागून आल्या. दुसऱ्या दिवशी ताईंना म्हणाल्या, “मला तुमचं टेबल शिकवा.” ताई हसल्या, मग शिकवू लागल्या. पुढे तीन बुधवार मॅडम त्या खुर्चीवर बसल्या, मग मी मुकाट्याने तिथे दुसरा माणूस नेमला. ताईंनी जे मॅडमना शिकवलं तेच लिहून काढलं, त्याचा प्रोग्राम केला, तोच त्यांचा प्रकल्प. माणूस पाठवण्याआधी तो प्रोग्राम आजही विचारतो, चढावं लागेल का, आणि कोण चढू शकेल. गणितात त्या पुढच्या खेपेला वर्गात दुसऱ्या आल्या.

मॅडमनी माझी तक्रार केली नाही. एवढंच म्हणाल्या, “हे तिला तुम्हीच सांगायचं. कधी, ते तुम्ही ठरवा.” मी अकरा वर्षं ठरवत बसलो. ताईंना पदवी मिळाली, वर्षभरात त्या आमच्याकडून गेल्या, जाणारच होत्या. आज हाच अभ्यासक्रम त्या इथे चालवतात. आणि दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगतात, “मी पण सुरुवातीला कच्ची होते.” मी हे त्यांच्या तोंडून तीनदा ऐकलंय आणि तिन्ही वेळा मान डोलावली आहे.

परवा मॅडमना फोन केला, “तुमच्या निरोपाला हे बोलू का? कार्यक्रमाचा विचका होईल.” त्या म्हणाल्या, “होऊ दे. वेळेत संपवा.” तर संपवतो. मॅडम, तुम्ही माझी खुर्ची वाचवलीत आणि ताईंचीही, आणि एकदाही ते बोलून दाखवलं नाहीत. मी तुमचा ऋणी आहे. संयोजकांचे आभार, आणि दोन्ही गुडघ्यांसह आलेल्या काकांचे आभार.

शेवटी वक्त्याने म्हणायचं असतं, बोलण्यात काही उणंदुणं झालं असल्यास पोटात घाला. सभागृहाने माझं आजचं बोलणं पोटात घालावं. ताई, तुम्हाला मात्र मी तसं म्हणत नाही. तुम्हाला राग आला तर तो तुमचा हक्क आहे. पण नव्या मुलांना पुन्हा ते सांगू नका. तुम्ही कच्च्या नव्हतात. सोळापैकी पाच दिवस मिळालेली बाई फक्त सहा गुणांनी नापास झाली होती. तुम्हाला पहिल्या दिवसापासून झेपत होतं, ताई, आणि ते मला माहीत होतं.