मेंबर म्हणजे अवयव

मंडळी, आज गावातली आणि बौद्धवाड्यातली, दोन्ही वस्त्यांची माणसं एका सतरंजीवर बसलीत. सुदाम गुरुजी हयात असताना हे जमलं नाही. त्यांच्या फोटोसमोर मी बोलायचं आणि त्यांनी चूक काढायची नाही, ही सवय मला नाही. अडखळलो तर सांभाळून घ्या.

गुरुजींकडं कुर्डुवाडीहून आणलेला जाड इंग्रजी शब्दकोश होता. गोठ्यात म्हशीपाशी बसून वाचायचे. एकदा मला म्हणाले, "नाना, मेंबर म्हणजे काय हो?"

म्हणालो, "जीपमध्ये पुढं बसतो त्यो."

लई हसले. मग वाचून सांगितलं. हा शब्द जुन्या रोमन लोकांच्या भाषेतला. तिथं त्याचा अर्थ हात, पाय, शरीराचा अवयव. इंग्रजांपर्यंत तो आला आणि पसरला. इमारतीची तुळई मेंबर, घरातलं माणूस मेंबर, सभेतला माणूसही मेंबर. "पण मुळात अवयवच," गुरुजी म्हणाले. "तोडला तर रक्त येतं, नाना."

आपल्या दूध सोसायटीत काय चाललंय? बौद्धवाड्यातल्या बाया पहाटे धार काढतात. दूध आपल्या सोसायटीच्या कॅनमध्ये, वहीत नाव मात्र दुसऱ्याच मेंबरचं. त्या वाड्यातले गुरुजी एकटेच मेंबर. मागच्या सभेत त्यांनी ठराव मांडला, या बायांना मेंबर करा. कुणी म्हणालं, "जमीन न्हाय, मेंबर कशाला?" जमीन दूध देते का हो? हात वर करायची वेळ आली. एकट्या गुरुजींचा हात वर होता. मी खाली बघत बसलो. होय, मीच.

बाहेर आल्यावर विचारलं त्यांनी, "नाना, तुमच्या भैरवनाथाला हात किती?"

"चार."

"मग तुम्हाला दोन असून एक वर व्हईना?"

रोज देवापुढं हात जोडतो मी. त्या दिवसापासून ते हात मला जड झालेत.

मोठ्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर आपण एकाच ढिगाची खडी फोडली. बोटं सगळ्यांची फुटली. तेव्हा कुणी विचारलं का, हे बोट कुठल्या वाड्यातलं?

परवा पारावर कुणी म्हणालं, "गुरुजी गेले, विषय मिटला." चेअरमनसाहेब, तुम्ही समोर आहात म्हणून सांगतो. विषय मिटला नाही. गुरुजींच्या घरच्या, गयाबाई, अर्ज घेऊन इथं बसल्यात. सोमवारच्या सभेत तोच ठराव मी मांडणार. मला मेंबरकीतून काढायचं तर काढा. मग माझी किटलीही बिननावाची राहील, त्या बायांच्या किटल्यांशेजारी.

पण सोमवारची वाट कशाला? आता सगळे उठू. दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही. ज्यांना गुरुजींचं म्हणणं पटतं, त्यांनी आज हात जोडायचे नाहीत. एक हात वर करायचा.

हा माझा. गुरुजी, उशीर झाला, पण बघा.