मोरीमागची कळलावी

ऐंशी-ब्याऐंशीची गोष्ट, भांडुपच्या आमच्या चाळीतली. मी हट्टानं गावाहून कळलावीचा कंद आणला. बायकोच्या गौरीला घरचंच फूल पाहिजे होतं. दाराशी लावला, तर शेजारची मालतीवैनी हजर.

"भावजी, कळलावी दारात लावली की भांडणं लागतात."

"मग नळावर रोज काय आरती चालते, वैनी?"

दुपारी तिनं कंद उपटला, मोडला आणि आपल्या मोरीमागं फेकला. मी काय सोडतो? एक तुकडा परत दाराशी लावला. दुसरा तिच्याच मोरीमागं मातीत दाबला आणि गप बसलो.

गौरीच्या दिवशी वैनी ताट घेऊन आली. "भावजी, चार फुलं द्या ना."

म्हटलं, "माझी कशाला? तुमच्या मोरीमागं बघा, तुमचं भांडण जास्त फुललंय."