कापलेले उंदीर

दाताच्या डॉक्टरांकडे माझा नंबर यायचा होता. शेजारी बसलेल्या मायलेकींचं बोलणं कानावर पडलं आणि खरं सांगते, माझी दाढ ठणकायचीच विसरली!

“मावशीचा फोन आला होता. तुझा गुडघ्याच्या औषधाचा व्हिडिओ पाहून तिने ऑपरेशनच रद्द केलं!”

“काय? आई, आम्ही ते औषध अजून फक्त उंदरांना दिलंय!”

“मग व्हिडिओत तसं सांगायचं ना.”

“सांगितलं होतं गं. पण व्हिडिओ एका मिनिटात बसेना, म्हणून ते वाक्य मीच कापलं.”

“शहाणीच आहेस! कापायला नेमके उंदीरच सापडले?”

“हा फोन धर. आत्ताच्या आत्ता दुसरा व्हिडिओ करते.”

“अगं, साठ हजार लोकांनी पाहिलाय तो. हसतील तुला.”

“हसू देत. मावशीचे गुडघे मोठे की माझी शान?”

“बरं, केसांची बट मागे घे. आणि उंदीर पहिल्याच वाक्यात येऊ देत.”

लेकीने कॅमेऱ्याकडे बघून सरळ सांगितलं की चूक माझी आहे, आणि व्हिडिओ टाकूनही दिला. तोवर आईने स्वतःच्या फोनवरून मावशीला फोन लावला होता.

“हॅलो, ताई? ते औषध माणसांना लागू पडतं का, ते अजून कुणालाच ठाऊक नाही. तू मुकाट्याने ऑपरेशन करून घे. हो, हो, चूक हिचीच! पण पोरीने ती चारचौघांत नाही, साठ हजारांत कबूल केली. तुझ्या डॉक्टर जावयाने केलीय का कधी एक तरी चूक कबूल?”