गाडीच्या दाराचे खिळे

आपल्या मराठी मंडळाच्या आदरणीय अध्यक्षा निशिगंधाताई, आमच्या जुन्या गाड्यांच्या गॅरेजचे मालक रणजीतसिंहजी, आज निवृत्त होणारे पत्र्याचे मिस्त्री उत्तमराव, आणि खातीपुऱ्याहून, जगतपुऱ्याहून आलेल्या मंडळींनो, विशालचा सर्वांना नमस्कार. शाळा अर्धवट सुटली, म्हणून भाषण लिहून आणलंय. कागदाची फडफड माइकमध्ये येतेय, सांभाळून घ्या.

उत्तमरावांचे गुण किती सांगावेत? पत्र्याला असा बाक देतात की वाटावं, कापडच आहे. ते कोणालाही विसरत नाहीत. मला तर रोज हाक मारायचे, “ए कच्च्या लाकडाच्या, चहा आण!”

हे नाव कसं पडलं? २००३ च्या रॅलीत, पाहुण्यांसमोर, आमच्या गाडीच्या डाव्या दाराचा पत्रा सुटून लोंबला. लाकडी चौकट माझ्या बाबांची, जनार्दन सुतारांची. पत्रा उत्तमरावांचा. तेव्हा हे मालकांना म्हणाले, “लकड़ी कच्ची है जी, कील पकड़ती ही नहीं.” बाबांना त्याच संध्याकाळी घरी पाठवलं. त्यानंतर त्यांनी रंधा हातात घेतला नाही. आज ते मागच्या रांगेत बसलेत. मीच हट्टाने आणलंय.

गेल्या महिन्यात तीच गाडी पुन्हा आली. उजवं दार मी खोललं; तेही या दोघांनीच केलेलं, तेव्हापासून कोणी हात न लावलेलं. पत्रा आणि लाकूड यांच्यामध्ये तेलात भिजवलेली कापडी पट्टी घालायची असते, नाहीतर पाणी अडकतं आणि खिळे गंजतात. हा पहिला धडा मला उत्तमरावांनीच शिकवला. या दारात पट्टीच नाही. खिळ्यांची डोकी गंजून उडालीत, पत्रा मोकळा. पण दांडे सागवानात अजून रुतलेले आहेत.

टेबलावर चादरीखाली काय आहे, असं मघापासून सगळे विचारताय ना? भेटवस्तू नाही. तेच दार आहे.

उत्तमराव, बसा हो, उठता कशाला? फराळ अजून यायचाय.

मालकांना मराठी कळत नाही, म्हणून एवढं हिंदीत सांगतो. मालिक, लकड़ी पक्की थी. पट्टी उत्तमरावजी ने नहीं लगाई. मेरे बाबा बेकसूर थे.

मला बोलायची संधी दिलीत, मंडळाचा ऋणी आहे. कुठे शब्द चुकला असेल, तर लहान समजून पोटात घाला.

उत्तमराव, ही पक्कड घ्या. या लाकडातला एक खिळा उपटून दाखवा. आम्ही सगळे थांबलोय.